एका दारात दोन ट्रॅक्टर

चाकाच्या वळात पाणी अजून उभे होते. आदल्या संध्याकाळी एक उशिराची सर येऊन गेली होती. बागेत बाकी सगळीकडे ती मुरली होती, माती फक्त गडद झाली होती. पण पेरूच्या दोन ओळींच्या मधून जिथे चाक गेले होते, तिथे तिरप्या खाचांचा ठसा जसाच्या तसा होता आणि प्रत्येक खाचेत पाण्याची एक पट्टी साचली होती. मी घरातून लोकर विणायची सुई आणली. वळाच्या बाहेर ती सहज, जवळजवळ मुठीपर्यंत आत गेली. वळात ती बोटाच्या दोन पेरांवर अडली. मी जोर केला तेव्हा वाकली.

ती वाकलेली सुई मी माझ्या नवऱ्यापुढे, बळवंतरावांपुढे, टेबलावर ठेवली. ते चहा पीत होते.

"वाकली की," ते म्हणाले.

"सुईचं नाही म्हणत मी. माती दाबली गेलीय. मुळांना हवा मिळणार नाही, पाणी मिळणार नाही. बागेत मोठा ट्रॅक्टर कुणी घातला काल?"

"दादांनी पाठवला असेल. शेजारच्याचा आणलाय ना भाड्यानं, एरंडाच्या शेतासाठी. जाता जाता म्हणाले असतील, एक फेरी मारून बघ."

"मला न विचारता?"

"मी बोलतो दादांशी," ते म्हणाले. मग कप खाली ठेवून, "बघू."

तीस वर्षांच्या संसारात मी हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता की त्याचा अर्थ मला पाठ होता. बघू म्हणजे मी काही करणार नाही. करायचेच तर तू कर.

आमची जमीन बडोद्याला, समाच्या पुढे, सावली रस्त्याला आहे. बळवंतरावांचे पणजोबा संस्थानच्या पागेत स्वार होते, तेव्हाची ती. पुढच्या बाजूला माझे थोरले दीर उदयसिंहराव यांचे दुमजली घर आहे. त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. मागे आमचे बैठे घर आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी पेरूची बाग. रस्त्यापलीकडे मोकळी शेते, कपाशीची आणि एरंडाची. जमीन दोन्ही भावांच्या नावावर एकत्र आहे, तिचा कुठला तुकडा कुणाचा हे कुठेही लिहिलेले नाही. तरी बागेला माझी बाग म्हणतात, कारण मी लावेपर्यंत तिथे विलायती बाभळी होत्या. मी कारेलीबागेतल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. बळवंतराव मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पाठोपाठ मी नोकरी सोडली आणि आम्ही फ्लॅट बंद करून इथे आलो. बाभळी काढून मी दाट लागवडीचे पेरू लावले. यंदा पहिल्यांदा फांद्या फळांनी वाकल्या होत्या.

घरचा जुना ट्रॅक्टर उन्हाळ्यात कायमचा बंद पडला आणि भंगारात गेला. नवा घ्यायचा हे सगळ्यांना मान्य होते. तेव्हापासून भांडण सुरू होते, मोठा की छोटा.

मोठ्या ट्रॅक्टरला मी वाईट म्हणत नाही. रस्त्यापलीकडच्या शेतात खोल नांगरट करायची, कपाशीने भरलेली ट्रॉली ओढायची, तर तोच हवा. पण माझ्या दोन ओळींच्या मध्ये त्याच्या मडगार्डच्या दोन्ही बाजूंना हाताचा पंजा कसाबसा मावतो, आणि तोही झाडांना फांद्या नसत्या तर. छोटा ट्रॅक्टर माझ्या छातीइतका उंच असतो. तो ओळीत शिरतो, फांद्यांखालून जातो, टोकाला जागच्या जागी वळतो. शेणखत आणणे, ओळींमधले गवत कापणे, फवारणीची टाकी फिरवणे, छाटलेल्या फांद्या बाहेर ओढणे, पेरूचे क्रेट शेडपर्यंत नेणे, घराभोवतीची सगळी कामे त्याला जमतात. त्याला कपाशीच्या जमिनीत घातले तर मात्र तो धापा टाकेल. हे मी मोजून, तपासून, दोन शोरूममध्ये जाऊन पाहिले होते.

पाहता पाहता मला एक गोष्ट कळली. जमीन एकत्र कसायची असेल तर मोठा घेणेच शहाणपणाचे होते. ती वेगळी झाली तर आमच्या वाट्याला छोटा पुरेसा होता. घरातले सगळे पावसाळाभर अश्वशक्तीवरून वाद घालत होते. वाद होता वाटणीचा. तो शब्द मात्र कुणी उच्चारत नव्हते.

दादासाहेबांचा मुलगा मयंक याने एकदा तो शब्द न उच्चारता उत्तर काढायचा प्रयत्न केला. तो मकरपुऱ्याला एका इंजिनिअरिंग कंपनीत खरेदी विभागात आहे. त्या दिवशी आम्ही सगळे पुढच्या घरी जेवायला होतो.

"दोन घेऊ ना पप्पा," तो म्हणाला. "एक मोठा जुना बघू, एक छोटा नवा. काकूंचं काम पण होईल, आपलं पण."

दादासाहेबांनी घास तसाच धरला. "एका दारात दोन ट्रॅक्टर?"

"त्यात काय झालं?"

"उद्या गावात काय म्हणतील? पागेवाल्यांचे पोरगे वेगळे झाले. एक भाऊ एक ट्रॅक्टर. घरी घरी चुली दिसल्या नाहीत तरी चालतं, ट्रॅक्टर सगळ्यांना दिसतो." मग ते बळवंतरावांकडे वळले. "आणि तो छोटा मी पाहिला आहे. बळवंत, त्यांना सांग, पागेवाल्यांच्या दारात शिंगरू नाही बांधायचं."

'त्यांना' म्हणजे मला. दादासाहेब माझ्याशी थेट बोलत नाहीत. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी बोलायचे नाही अशी या घराची जुनी रीत आहे. मी समोर बसलेली असले तरी माझ्यासाठीचा निरोप आधी माझ्या नवऱ्याला जातो. लग्नानंतर पहिली काही वर्षे मला ते गमतीचे वाटायचे. मग सवय झाली. आता मला त्याचा उपयोग कळला होता. जो माणूस तुमच्याशी बोलतच नाही, त्याला तुमचे उत्तर ऐकावे लागत नाही.

"शिंगरू तर शिंगरू," मी मयंककडे बघून म्हणाले. "निदान झाडं तुडवत नाही."

मोठ्या जाऊबाई, अहल्यावहिनी, मोठ्याने हसल्या. त्या बडोद्यातच वाढलेल्या, त्यांच्या मराठीत निम्मे गुजराती. "अगं, पण शिंगराला रात्री घरात घेऊन झोपवावं लागतं ने! बळवंतभाऊजी, खाट पहोळी, रुंद करा जरा."

सगळे हसले. बळवंतरावही हसले. मी त्यांच्याकडे पाहिले आणि ते हसायचे थांबले.

परत येताना, दोन घरांमधल्या फरशीवर, ते म्हणाले, "मला वाटतं, तू एकदा स्पष्टच म्हणून टाक."

"काय म्हणू?"

"हेच. वेगळं करूया म्हणून."

"तुम्हाला हवंय वेगळं?"

"मला म्हणजे... दोघांच्या सोयीचं आहे. तुलाही बाग सांभाळता येईल."

"मग तुम्ही म्हणा."

"अगं, दादांना मी कसं म्हणणार? आबांना दोघांनी शब्द दिलाय. तू म्हणालीस तर वेगळं दिसतं. तू बाहेरून आलेली. शिकलेली. तुझं चालून जातं."

आबा म्हणजे माझे सासरे, संपतराव. शेवटच्या आजारात त्यांनी दोन्ही मुलांना जवळ बोलावून एकत्र राहण्याचे वचन घेतले होते. मला कुणी बोलावले नव्हते. मी दाराबाहेर औषधाचा पेला घेऊन उभी होते. वचन मोडायची वेळ आली, तेव्हा मात्र माझी आठवण झाली होती.

बळवंतरावांच्या बोलण्यातला तो 'चालून जातं' मला दोन दिवस बोचत राहिला. चालून जात नाही, हे मला पक्के ठाऊक होते. या घराण्यात आधीच्या पिढीतही एक वाटणी झाली होती. माझ्या चुलत सासूबाई गंगाबाई यांनी घर फोडले, असे आजही प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगते. नव्या सुनेचा गृहप्रवेश झाला की कुणी ना कुणी म्हणतेच, 'बाई, गंगाबाईसारखं करू नको हं.' मांडवातल्या निम्म्या लोकांनी गंगाबाईंना पाहिलेलेही नसते. त्यांच्या नवऱ्याचे नाव विचारले तर सांगता येणार नाही, पण त्यांनी घर फोडले हे प्रत्येकाला येते.

मी त्यांना पाहिले आहे. त्या शेवटपर्यंत कारेलीबागेत मुलीकडे होत्या, आमच्या फ्लॅटपासून दोन सोसायट्या सोडून. शाळा सुटल्यावर मी कधीकधी त्यांच्याकडे जात असे. एकदा त्यांनी आपणहून विषय काढला.

"मी फक्त चहा घेऊन बाहेर आले होते गं," त्या म्हणाल्या. "दोघं भाऊ ओसरीवर बसलेले. गप्प. सगळं ठरलेलं होतं त्यांचं, विहीर कुणाला, आंबा कुणाला, सगळं. पण बोलायला कुणी तयार नाही. यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाले, सांग तू. मला वाटलं, आपल्यावर विश्वास टाकला. मी सांगितलं. थोरले लगेच उभे राहिले, म्हणाले, ऐकलंत ना सगळ्यांनी, हिनं मागितली. आणि माझा चहा सांडला."

"आणि तुमचे मिस्टर काय म्हणाले?"

"काही नाही. त्यांना आंबा मिळाला."

हे त्या हसत सांगत होत्या. मला तेव्हा हसू आले नाही.

नवरात्र सुरू झाले तशी दादासाहेबांची घाई वाढली. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. पणजोबांची तलवार, एक मोडका भाला, आणि आता त्यांच्या शेजारी सगळी वाहने. स्कूटर, मयंकची गाडी, पाण्याचा पंप, आणि ट्रॅक्टर. बडोद्यातल्या आमच्या सगळ्या नात्यातले लोक त्या दिवशी एकमेकांच्या घरी जाऊन काय काय ओळीत उभे आहे ते पाहतात. कुणी तसे म्हणत नाही. सगळे तलवारीला नमस्कार करतात आणि डोळे वाहनांवर असतात. यंदा दादासाहेबांच्या अंगणात ट्रॅक्टरची जागा रिकामी राहणार होती. त्यांना ते सहन होत नव्हते.

खंडेनवमीच्या आदल्या सकाळी फाटकातून मोठा ट्रॅक्टर आत आला. लाल, नवा, पुढे हार लावलेला, मागे माती घुसळणारा रोटाव्हेटर जोडलेला. शोरूमचा माणूस स्वतः चालवत होता. फाटकाच्या खांबाला आरसा घासू नये म्हणून त्याने तो आत वळवला होता, हे मी पाहिले.

"साहेब, आ तो हाथी छे, हाथी!" तो खाली उतरून दादासाहेबांना म्हणाला. "गमे त्यां नाखो, अटकशे नहीं."

"ऐकलंस बळवंत?" दादासाहेब म्हणाले. "कुठेही घाला, अडत नाही."

मी पायरीवर उभी होते. मयंक माझ्याजवळ आला. त्याने आवाज खाली आणला.

"काकू, एक बोलू? तुम्ही एकदा म्हणून टाका ने."

"काय?"

"तेच. पप्पा नाही म्हणणार नाहीत. त्यांनाही हवंय वेगळं. रस्त्याला लागून गोडाऊन टाकायचं आहे त्यांना, पण एकत्र जमिनीत काकांची सही लागते, मग वाटणीचा विषय निघतो. ते कसे काढणार? आजोबांना शब्द दिलाय."

"म्हणजे तुझ्या पप्पांनाही हवी आहे?"

"कधीची! मम्मीला पण हवी आहे."

"आणि तुझ्या काकांना?"

तो हसला. "काकांना तर सगळ्यात जास्त."

मी तिथेच उभी राहिले. डोके गरम झाले नाही. उलट सगळे फार स्वच्छ दिसू लागले. सगळ्यांना वाटणी हवी होती. त्यांना ती माझ्या तोंडून हवी होती. त्यासाठीच बागेत पहिल्यांदा चाक घातले गेले होते, त्यासाठीच आज हार घातलेला हा हत्ती आला होता. माझी झाडे मोडली की मी ओरडेन, मी ओरडले की तो शब्द निघेल, आणि मग सगळे मोकळे. जीवशास्त्राच्या तासाला बेडकाच्या पायाला तार लावतात, तसा त्यांनी माझ्या बागेला हात लावला होता. पाय हलायची वाट बघत.

"कुठे डेमो देऊ, साहेब? सामेना खेतरमां?" शोरूमच्या माणसाने विचारले.

"शेतात तर कुठलाही चालतो," दादासाहेब म्हणाले. "जिथे जात नाही म्हणतात, तिथे घाल. पेरूत."

"दादा..." बळवंतराव म्हणाले.

"काय?"

"नाही, म्हणजे... फळं आहेत."

"मग बाजूनं जाईल. हत्ती आहे, म्हैस नाही."

बळवंतरावांनी माझ्याकडे पाहिले. मला ती नजर ओळखता आली. ती मदत मागणारी नव्हती. बोल, असे सांगणारी होती.

मी पायऱ्या उतरून बागेकडे चालू लागले. पण ट्रॅक्टर माझ्या आधी पोहोचला.

पहिल्या झाडापाशी तो थोडा थबकला, मग आत शिरला. मडगार्डला लागून फांद्या आधी वाकल्या, नंतर मोडल्या. पेरूची फांदी कडकन मोडत नाही, ती फाटते. खोडापर्यंत साल घेऊन खाली येते. हिरवी फळे टपटप पडत होती आणि चाकाखाली जात होती. मागे रोटाव्हेटर फिरत होता. तेवढ्यात ठिबकची नळी त्याच्या पात्यांत अडकली. काळी नळी झाडामागून झाड उपटल्यासारखी ओढली जाऊ लागली. गुंडाळत गेली, ताणली, तुटली, पुन्हा गुंडाळली.

"ऊभा रे!" मयंक ओरडला. इंजिनाच्या आवाजात शोरूमच्या माणसाला ऐकू गेले नाही.

मी शेजारच्या ओळीतून पळत पुढे गेले आणि आडवी शिरून ट्रॅक्टरच्या समोर उभी राहिले. पुढची जाळी माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबली. तिच्यावर झेंडूचा हार हलत होता. त्या माणसाने घाबरून इंजिन बंद केले.

"बेन! मरी जशो! खसी जाव ने!"

मी हलले नाही.

बाकीचे मागून आले. अहल्यावहिनींनी पदराने तोंड पुसले. "अरे बापरे, संयोगिता, बाजूला हो ने! असं कुणी उभं राहतं का यंत्रासमोर? पागल झालीस?"

"बळवंत," दादासाहेब म्हणाले, "त्यांना बाजूला व्हायला सांग. गाडी मागे घ्यायलासुद्धा जागा नाही इथे."

"जागा नाही हे मी पावसाळाभर सांगत होते," मी म्हणाले. मी मयंककडे बघून नाही म्हणाले. बळवंतरावांकडे बघूनही नाही. थेट दादासाहेबांकडे बघून म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

ते चमकले. त्यांची नजर माझ्यावरून चटकन बाजूला गेली आणि परत आली. माझ्या पायांपाशी मोडलेली फांदी होती, तिच्या फाटलेल्या टोकातून पांढरा, ओला गाभा दिसत होता. मी ती उचलली. तिला अकरा फळे होती. कशाला मोजली मी, माहीत नाही. हातांना काहीतरी करायचे होते.

"नुकसान झालं असेल तर भरून देऊ," दादासाहेब म्हणाले, पुन्हा बळवंतरावांकडे बघत. मग त्यांचा आवाज बदलला. मऊ झाला. "आणि त्यांच्या मनात दुसरं काही असेल, तर तेही आज बोलून टाकू देत. सगळे समोर आहेत. उद्या सण आहे. आम्ही मनात ठेवणार नाही. बोलू देत एकदा, काय हवंय ते."

मी त्यांचा चेहरा पाहिला. तो रागावलेला नव्हता. तो वाट बघत होता. अहल्यावहिनीही वाट बघत होत्या, हसणे बंद करून. मयंकने माझ्याकडे बघून मान किंचित हलवली, आता, म्हणून. आणि बळवंतराव जवळ आले. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला.

"बोल ना," ते हळूच म्हणाले. "बोल आता. एवढं झालं, आता कोण तुला नावं ठेवणार?"

तेव्हा मला राग आला. आतापर्यंत होता तो राग नव्हता, आतापर्यंत होती ती फक्त त्याची तयारी होती. माझ्या झाडांचा राग मी गिळला असता. झाडे पुन्हा फुटतात. पेरू तर छाटल्यावर जास्तच फुटतो. पण हा माणूस माझ्या मोडलेल्या बागेत उभा राहून, माझ्या कोपराला हात लावून, मला ढकलत होता. त्याला बाग हवी होती, शांतता हवी होती, भावाचे प्रेम हवे होते, वडिलांचा शब्दही पाळलेला हवा होता. सगळे त्याला हवे होते आणि त्यासाठी माझे नाव वापरायला तो तयार होता. पुढची पन्नास वर्षे प्रत्येक मांडवात.

मी कोपर सोडवून घेतले.

"मी बोलणार नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही बोलणार. मी इथून हलणारही नाही. ट्रॅक्टर इथेच राहील, उद्या इथेच त्याची पूजा करा. तलवार इथे आणा. पाहुण्यांना इथे आणून दाखवा, कसा बसलाय ते."

"संयोगिता, तमाशा करू नको," बळवंतराव म्हणाले.

"तमाशा मी केला? हार मी घातला त्याला?" माझा आवाज चढला होता. मला माझाच आवाज ओळखू येत नव्हता. "पंचवीस वर्षं वर्गात उभी राहून मी एकदाही ओरडले नाही. आज ओरडतेय. ऐका. मला छोटा ट्रॅक्टर हवा होता. तो का हवा, ते मी तुम्हाला माती दाखवून सांगितलं. तेवढंच माझं मागणं. त्याच्यापुढचं जे आहे, ते माझं नाही. ते तुमचं आहे. तुम्हाला किती वर्षांपासून हवंय ते तुम्हाला माहीत. ज्याला हवंय त्यानं मागावं."

"अगं, असं काय बोलतेस सगळ्यांसमोर?"

"मग सगळ्यांना मागे पाठवा. मला तर आधीपासून माहीत आहे."

शोरूमचा माणूस सीटवरून उतरला आणि झाडाआड जाऊन उभा राहिला. त्याला मराठी येत नसावे, पण एवढे कुणालाही कळले असते.

दादासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली, रुमाल परत ठेवला. ते भावाकडे बघत होते. मी पण बघत होते. पहिल्यांदाच आम्ही दोघे, दीर आणि भावजय, एकाच माणसाकडून उत्तराची वाट बघत होतो.

"बळवंत," ते शेवटी म्हणाले, "यांचं ऐकलंस. तुझं काय आहे?"

बळवंतराव खाली बघत होते. त्यांच्या चपलेखाली एक पेरू चिरडला होता. त्यांनी पाय बाजूला घेतला. मग मोडलेल्या झाडांच्या ओळीकडे बघितले, पार टोकापर्यंत, जिथे नळी पात्यांभोवती गुंडाळलेली होती. मला वाटले, आता ते म्हणणार, बघू. त्यांचे ओठ तसे हललेही. मी ठरवले होते की तो शब्द आला तर मी आत जाऊन माझी बॅग भरेन. कारेलीबागेच्या फ्लॅटची किल्ली माझ्याच पर्समध्ये होती.

बहुधा ते माझ्या तोंडावर दिसले असावे.

"दादा," ते म्हणाले. ते खाकरले आणि मान वर करून पुन्हा म्हणाले, "दादा, मोठा ट्रॅक्टर तुम्ही घ्या, पलीकडच्या शेताला. आम्ही छोटा घेतो."

"एका दारात दोन?"

"एका दारात नाही. आपण वाटण्या करू, दादा. आणि हे मी म्हणतोय. हिनं नाही मागितलं. मी मागतोय."